सायब, उठा आता

आमच्या अण्णांनी, म्हणजे धाकट्या चुलत्यांनी, आयुष्यात दोघांनाच मनापासून अहो-जाहो केलं. एक तलाठी आणि दुसरा मोर.

आमचं गाव पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात, नायगाव मयूर अभयारण्याच्या शेजाराला. १९९४ साली सरकारनं इथली सुमारे तीस चौरस किलोमीटर जागा मोरांना दिली. तिची हद्द कुठं संपते हे मोरांना कुणी सांगितलं नाही. त्यामुळं ते अजून मोजणी करत करत आमच्या वावरात येतात.

मृगाचा पाऊस पडला, भुईमूग टोकला, की माणसं बांधाला लागायच्या आत मोर-लांडोरी सरीला लागतात. टोकणाऱ्या बाईचा हात एखाद्या जागी चुकेल, उकरणाऱ्या लांडोरीची चोच चुकत नाही. अण्णा बांधावरून हात जोडतात. "सायब, उठा आता. झालं की पोटभर."

मी एकदा ढेकूळ उचललं, तर त्यांनी माझं मनगटच धरलं. "त्रेसष्टपास्नं राष्ट्रीय पक्षी हाय त्यो. बहात्तरचा कायदा हाय. ढेकूळ लागलं तर तू आत, अन् त्यो तुझ्या शेंगा खायाला भाईर."

मग बुजगावणं केलं. त्याला अण्णांचाच जुना सदरा घातला, आणि तिथंच चुकलं. मोरांना तो सदरा ओळखीचा होता. हा माणूस नुसता विनवण्या करतो, हेही पाठ होतं. ते बुजगावण्याच्या सावलीत बसून दुपार काढू लागले. लग्नासाठी शिवलेला नवा सदरा घालून खुद्द अण्णा वावरात गेले, तेव्हा मात्र सगळे उडाले.

गेल्या जूनमध्ये पुण्याहून दाजी आले. दुधाच्या कॅनएवढी लेन्स आणि पानांच्या नक्षीची टोपी. मोर नाचताना टिपायचा होता. तीन दिवस पहाटे उठून झाडीत दबा धरून बसले. इकडं ते फाटकाबाहेर पडायचा अवकाश, आमच्या पत्र्यावर मोर ओरडायचा. ज्यांनी मोर फक्त चित्रात पाहिलाय त्यांना सांगतो, हा आवाज दारात शेपूट सापडलेल्या मांजराचा असतो, फक्त मांजर म्हशीएवढं धरायचं.

तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "जावईबापू गेले का झाडीत? मग येतंय बघ आता." आलाच. अंगणाच्या मधोमध पिसारा उभारला, थरथरवला, गोल गोल फिरला, सगळं एका गावरान कोंबडीसमोर. कोंबडीनं पाठ फिरवली. आई ज्वारी पाखडत होती, तिनं मानही वर केली नाही. "नाच कसला बघायलास? शेंगदाण्याचं सूप आत घे आधी!"

दाजी दुपारी फोटो दाखवत बसले. एक टिटवी, दोन सरडे, आणि लांबून टिपलेला 'कष्टकरी शेतकरी', म्हणजे आमचं बुजगावणं. मागं अंधुकशी एक लांडोर भुईमूग उकरत होती.

"दिवाळीत परत येतो," असं दाजी म्हणाले. मी नको म्हटलं. पावसाळा सरता सरता मोराची लांब पिसं गळून जातात. दसरा झाला की गावातली निम्मी माणसंही कोयते घेऊन ऊसतोडीला जातात. कुलपं लागलेल्या घरांपुढून बिनपिसाऱ्याचे मोर हिंडत असतात, आणि ओट्यावर म्हातारी माणसं त्यांच्याशी बोलत बसतात. आईनं तर एकदा त्यांतल्या एकाला आमची ट्रॅक्टरवर बसलेली मंडळी नीट पोहोचली का ते विचारलं होतं. पिसारा आणि माणसं, दोन्ही पावसाळ्याच्या आत माघारी येतात.

तेव्हा तुम्हालाही मोर बघायचा असेल, तर जूनमध्ये या. झाडीत बसू नका, आमच्या ओट्यावर बसा. शेंगदाणे मात्र येताना तुमचे तुम्ही आणा.