साडू, सेन्सर आणि सोळाशे बार

साडू हे नातं देवानं केवळ तुलनेसाठी निर्माण केलं असावं. सासरा एक, सासू एक, दिवाळसणाचं ताटही एकाच मापाचं. मग दोघांत फरक दाखवायचा कशानं? आमच्या अविनाशरावांनी तो गाडीनं दाखवायचं ठरवलं. गाडी जर्मन. तीन लिटरचं डिझेल इंजिन, दोनशेच्या वर घोडे, आत खऱ्या लाकडाची पट्टी, आणि बसलेल्याची कंबर चेपून देणारी सीट. नवी होती तेव्हा पाऊण कोटीच्या घरातली. अविनाशरावांकडे ती तिसऱ्या हातानं आली, पंधरा लाखांना. ‘स्वस्तात मिळाली’ हे ते घरात सांगतात आणि ‘पाऊण कोटीची आहे’ हे बाहेर. दोन्ही खरंच आहे म्हणा.

अशा व्यवहारात एक गोष्ट मात्र कुणी बोलत नाही. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. मालक बदलतात, रंगाला ओरखडे पडतात, पण आतला प्रत्येक स्क्रू स्वतःला अजून पाऊण कोटीच्या घराण्यातलाच समजतो.

कोल्हापूरला एका लग्नाला निघालो होतो. खंबाटकीच्या चढाला लागलो आणि समोर पिवळ्या रंगात छोटं इंजिन पेटलं. पाठोपाठ गाडीचा जीवच गेला. बंद पडली नाही, पण ऍक्सिलरेटर कितीही दाबला तरी ती आपल्याच मर्जीनं चालायला लागली. याला लिंप मोड म्हणतात. संगणकाला काहीतरी बिनसल्याचा संशय आला की तो इंजिनाची ताकद कापतो आणि कसंबसं घरी पोचण्यापुरती ठेवतो. मागून महामंडळाची लालपरी आली, हॉर्न देऊन पुढे गेली. खिडकीतल्या एका आजीबाईंनी आमच्याकडे जे पाहिलं ते अविनाशरावांना फार लागलं. ते म्हणाले, “मुद्दाम सावकाश घेतोय, घाट आहे.” मागच्या सीटवर माझी बायको आणि ताई या सख्ख्या बहिणी एकदम खोकल्या. अक्षता चुकल्या, पण पंगत गाठली.

परत आल्यावर गाडी सर्व्हिस सेंटरला गेली. तिथं कॉफी मिळते, सोफा मिळतो, आणि गाडीला ‘पेशंट’ म्हणायचं तेवढं बाकी असतं. संगणक जोडला, कोड निघाला: पी०१९३. फ्युएल रेल प्रेशर सेन्सरकडून येणारा संदेश प्रमाणाबाहेर जास्त.

आता हा सेन्सर म्हणजे काय, हे मला गॅरेजच्या बाकड्यावर बसून कळलं, ते सांगतो. पूर्वीच्या डिझेल इंजिनात पंप प्रत्येक सिलिंडरला वेगवेगळं डिझेल पोचवायचा. १९९७ साली अल्फा रोमिओ आणि मर्सिडीजच्या मोटारींत कॉमन रेल आली. आता पंप सगळं डिझेल एका जाड पोलादी नळीत कोंबून ठेवतो आणि तिथून ते इंजेक्टरांना जातं. कोंबतो म्हणजे किती? माझ्या गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते. मारियाना गर्तेच्या तळाशी, समुद्राच्या सर्वांत खोल जागी, पाण्याचा दाब अकराशे बारच्या आसपास भरतो. अविनाशरावांच्या बॉनेटखाली सोळाशे. त्या नळीच्या टोकाला अंगठ्याएवढा सेन्सर बसवलेला असतो. त्याच्या पोटात पोलादाचा पातळ पडदा असतो, दाबानं तो किंचित वाकतो, त्यावरच्या विजेच्या पट्ट्यांचा रोध बदलतो, आणि त्यावरून सेन्सर अर्ध्या ते साडेचार व्होल्टच्या दरम्यानचा एक आकडा संगणकाला कळवतो. संगणक दाब स्वतः कधी बघत नाही. हा जे सांगेल ते खरं मानतो. आमचा गडी पाच व्होल्टला जाऊन बसला होता. एवढा दाब असूच शकत नाही, हा बरळतोय, एवढं संगणकाला कळलं आणि त्यानं दोनशे घोडे तबेल्यात बांधून टाकले.

(या इंजिनाचे जनक रुडॉल्फ डिझेल १९१३ साली इंग्लंडला जाताना रात्री बोटीवरून नाहीसे झाले. त्यांना पैशाची फार ओढाताण होती म्हणतात. डिझेल गाडीच्या मालकाला यात काही गूढ वाटत नाही.)

सर्व्हिस सेंटरचा टायवाला मुलगा अत्यंत नम्र होता. “सर, सेन्सर सुटा येत नाही. पूर्ण रेल बदलावी लागेल. एक लाख चाळीस हजार, प्लस लेबर, प्लस जीएसटी.” शर्टाचं बटण तुटलं तर शिंपी शर्ट घ्या म्हणतो, तशातली गत. पण माझं लक्ष अविनाशरावांच्या चेहऱ्याकडे होतं. आधी तो पडला, आणि मग त्यावर हळूहळू वेगळंच तेज चढलं. त्याच संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर ते सांगत होते, “एक सेन्सर गेलाय. दीड लाख म्हणतायत.” ऐकणारे कुलकर्णी, ज्यांच्या स्कूटरचा वर्षाचा खर्च दोन हजारांवर जात नाही, एकदम अदबीनं बसले. घरी ताईंनी आकडा ऐकला आणि त्या दिवसाचा सोन्याचा भाव काय होता ते सांगितलं. चर्चा तिथंच संपली.

म्हणून माझ्या फिटरकडे आलो. कात्रजजवळ पत्र्याची शेड, बाहेर टेंपोंची रांग. अविनाशरावांनी गाडी थोडी आडबाजूला लावली. फिटरनं कोड वाचला आणि म्हणाला, “आधी उंदीर बघू.” पुण्यात हे बरोबर आहे, पार्किंगमधले उंदीर गाडीची किंमत न विचारता वायर कुरतडतात. त्यानं इंजिनावरचं झाकण काढलं, मग हवेचा पाइप, मग वायरींचा एक जुडगा बाजूला बांधला. कनेक्टर सोडवून तिन्ही वायरींना मीटर लावला. पाच व्होल्ट येत होते, अर्थिंग ठीक होतं, वायर शाबूत होती. “उंदराची चूक नाय. सेन्सरच गेलाय.”

रेल बदलायची गरज त्याला बिलकुल पटली नाही. जुन्या सेन्सरवर बनवणाऱ्या कंपनीचा नंबर कोरलेला होता. गाडीवाले तो भाग स्वतः करत नाहीतच. तो नंबर घेऊन आम्ही नाना पेठेत गेलो. दुकानदारानं क्लच प्लेटींच्या खालून खोका काढला. “हा घ्या, टेंपोचा आहे, पण आटे तेच. बसेल.” फिटरनं सेन्सर हातात घेतला, नंबर बघितला आणि परत ठेवला. “बसंल. पण खोटं बोलंल.” कमी दाबाच्या माप-पट्टीचा सेन्सरही त्याच भोकात बसतो, मग दाब असतो एक आणि संगणकाला कळतो दुसरा. दुकानदारानं आतून दुसरा खोका आणला. त्यावरचा नंबर शेवटच्या आकड्यापर्यंत जुळला. किंमत अकरा हजार. अविनाशरावांचा चेहरा कसनुसा झाला. इतक्या स्वस्तात सुटका व्हावी हे त्यांना रुचलं नसावं.

बदलण्याचं काम मी डोळे भरून पाहिलं. इंजिन पूर्ण गार होऊ दिलं. “चालू इंजिनवर ही नळी सैल केली तर डिझेलची धार कातडीतून आत जाती, बोट कापायची येळ येती,” फिटर म्हणाला, आणि त्याच्या पोऱ्यानं दोन्ही हात खिशात घातले. मग आजूबाजूची धूळ स्प्रेनं धुतली, हवेनं उडवली. इंजेक्टरची भोकं इतकी बारीक की एक कण आत गेला तर नवा खर्च. लांब गोटी लावली, पान्यावर जोर दिला. कट्ट असा कोरडा आवाज झाला, सेन्सर सुटला, चमचाभर डिझेल फडक्यात उतरलं. नवा आधी हातानंच फिरवला, मग टॉर्क रेंचनं पुस्तकात दिला असेल तेवढाच आवळला. तिथं वॉशर नसतो, धातूवर धातू दाबून बसतो, त्यामुळे अंदाजपंचे चालत नाही. कनेक्टर टचकन लागला. दोनदा चावी फिरवल्यावर गाडी घुरघुरली. स्क्रीनवर दाब तीनशेच्या आसपास स्थिर झाला, ऍक्सिलरेटर दिल्यावर भराभर चढला, सोडल्यावर उतरला. नळीच्या तोंडाशी बॅटरी मारून फिटरनं गळती बघितली. नव्हती. पिवळा दिवा पुसून टाकला.

“मजुरी पंधराशे.”

दीड लाखाची तयारी ठेवलेल्या अविनाशरावांनी खिशातून पाकीट काढलं, थांबले, आणि म्हणाले, “तेराशे करा.”

फिटरनं फडक्याला हात पुसले. गाडीकडे बघितलं, अविनाशरावांकडे बघितलं. “करतो. पण मग बाहेर चार लोकांना सांगा साहेब, अशी गाडी आमच्याकडं झाली म्हणून. तेवढंच गिऱ्हाईक येईल.”

“छे छे, ते नाही जमायचं,” अविनाशराव घाईघाईनं म्हणाले आणि त्याच्या हातात पूर्ण पंधराशे ठेवले. “कुलकर्ण्यांना मी सर्व्हिस सेंटरचं सांगून बसलोय.”