मंत्रालयाच्या जाळीस अनावृत पत्र

प्रति,
श्रीमती जाळी (नायलॉन),
मंत्रालय, मादाम कामा मार्ग, मुंबई ३२

विषय : वास्तुकलेतील आपल्या योगदानाबाबत.

महोदया,
स. न. वि. वि.

सरकारी इमारतींच्या वास्तुशैलीवर लिहिणारे लोक नेहमी वर बघत लिहितात. मुंबई महापालिकेच्या माथ्याशी वास्तुविशारद स्टीव्हन्ससाहेबांनी पंखवाली बाई उभी केली, १८९३ ची ती इमारत. अर्थ असा, की हे हिंदुस्थानातलं पहिलं शहर. बंगळुरूच्या विधानसौधावर तर कोरूनच ठेवलंय, सरकारचं काम म्हणजे देवाचं काम. (देवाचं म्हटल्यावर नवस, नैवेद्य आणि ताटकळणं आलंच.) दिल्लीत नव्या संसदेवर साडेनऊ हजार किलोंचे सिंह बसवले.

मंत्रालयाला ना घुमट, ना सिंह. १९५५ ची साधी इमारत. २०१२ च्या आगीनंतर ती नव्यानं सजवली, तरी प्रतीक म्हणावं असं काही हाती लागेना. ते २०१८ च्या फेब्रुवारीत तुमच्या रूपानं लाभलं.

आदल्याच महिन्यात जमिनीच्या मोबदल्यासाठी खेटे घालून थकलेल्या, धुळे जिल्ह्यातल्या ८४ वर्षांच्या शेतकऱ्यानं इथे विष घेतलं आणि तो गेला. मग एकानं वरून उडी घेतली. फाईल कुठल्या टेबलावर झोपते हे शोधत बसायचं, तर किती काळ गेला असता! माणूस कुठे पडतो हे मात्र चटकन कळत होतं. तिथे तुम्हाला ताणून बांधलं.

तुमची वीणही काय बेतानं केली आहे! माणूस अडकतो, त्याच्या हातातला अर्ज तेवढा घडी करून सोडला की भोकातून आरपार.

आता लोक तुमच्यावर उतरून घोषणा देतात, पोलीस त्यांना उचलून नेतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ, सत्तेतलेच, सहकारी आमदारांसह तुमच्यावर उतरले. गाऱ्हाणं मांडायला त्यांना समोरचं विधानभवन पुरलं नाही.

हे पत्र टपाल शाखेत दिलं, तर आवक क्रमांक तेवढा मिळेल. म्हणून तिसऱ्या मजल्यावरूनच खाली सोडतो आहे. तुम्ही झेललंत तर वाचा. भोकातून निसटलं, तर संध्याकाळी केरात जाईल.

आपला,
पासची वेळ संपत आलेला एक अर्जदार