लाखात एक, चौदाव्या मजल्यावर

2021 च्या मार्च-एप्रिलमध्ये मुंबईकरांचं संभाव्यतेचं गणित भलतंच पक्कं झालं होतं. कोविशील्डने रक्तात गुठळ्या होतात म्हणे, लाखात एखाद्याला! तो एखादा म्हणजे आपणच, याबद्दल सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणालाच शंका नव्हती. खुद्द कोविडमुळे गुठळ्या कितीतरी जास्त होतात, हे मात्र कुणी फॉरवर्ड केलं नाही. "जरा थांबून बघू" म्हणणाऱ्यांत जे काका सगळ्यांत पुढे, त्यांनीच आदल्या वर्षी मुद्रांक शुल्क 5 वरून 2 टक्क्यांवर आल्याबरोबर, पायाही न खणलेल्या इमारतीतला चौदाव्या मजल्यावरचा फ्लॅट 20 वर्षांच्या कर्जावर बुक केला होता. तिथे थांबायला सवड कुठली? 2 टक्क्यांचा दर 31 डिसेंबरला आटोपणार, आणि बिल्डरचा माणूस शपथेवर सांगत होता, शेवटचे दोनच फ्लॅट उरलेत. (ते दोन आजही उरलेत.) महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणी, ताब्याची तारीख, सगळं फुकटात बघता येतं, पण काकांची सगळी चिकित्सा लशीवरच खर्ची पडली होती. पुढे दोन्ही डोस झाले. काका ठणठणीत आहेत, हप्तेही वेळेवर जातात. चौदावा मजला अजून ब्रोशरमध्येच आहे.