यमन शेवटी येतो

आमच्या वसई-विरार पट्ट्यात पाणी आणि गाणी दोन्ही साठवून ठेवायची सवय. पाणी उद्या येईल याचा भरवसा नाही म्हणून, आणि गाणी फुकट मिळत होती म्हणून. एमपीथ्रीचा सुकाळ होता तेव्हा सातशे एमबीच्या एका सीडीत बारा तासांचं गाणं मावायचं. स्टेशनबाहेरचा मोबाइलवाला मेमरी कार्ड भरून द्यायचा. काय भरलंय ते त्यालाही ठाऊक नसायचं. मेहुण्याने नाट्यसंगीत दिलं. ऑफिसातल्या एकाने सगळे कुमार गंधर्व दिले आणि बदल्यात माझ्या सगळ्या लावण्या नेल्या. तो अजून खूश दिसतो.

साठा वाढत गेला. ऐकायचं मात्र ‘निवांतपणी’वर राहिलं, आणि निवांतपणा ही वस्तू नालासोपाऱ्यात भाड्यानेही मिळत नाही. शेवटी ठरवलं, सगळं ऐकायचं आणि ऐकता ऐकता लावून टाकायचं. हिशेब केला. डिस्कमध्ये सुमारे ५०० जीबी. साधारण दर्जाच्या एमपीथ्रीला मिनिटाला एक एमबी लागतो, म्हणजे झाली पाच लाख मिनिटं. रोज लोकलमधले तीन तास आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले तर नऊ वर्षांहून थोडं जास्त. तेवढी नोकरी शिल्लक नाही. हिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अहो, मग डहाणूला राहायला जाऊ या. प्रवास वाढेल.”

पण विरारकराइतका भाग्यवान श्रोता मुंबईत नाही, हे माझं ठाम मत आहे. विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर. दादरला राहणाऱ्याने फार तर भावगीतापर्यंत मजल मारावी. विलंबित एकताल हा आमचा प्रांत. विरारला सुरू झालेला ख्याल बोरिवलीपर्यंत द्रुतात येतो. नायगाव सुटलं की खाडीच्या पुलावर तबला गाडीचा की रेकॉर्डिंगचा हे कळत नाही, तेवढं सोडलं तर बैठक उत्तम. बैठक म्हणायचं एवढंच. ऐकतो उभ्यानेच.

खरी गंमत लावालावीत आहे. एमपीथ्रीच्या शेपटीला माहितीची एक पट्टी चिकटवायची सोय १९९६ साली निघाली. तीत गाण्याच्या नावाला तीस अक्षरं आणि गाण्याच्या प्रकाराला एक आकडा. सुरुवातीच्या यादीत जगातल्या संगीताचे ८० प्रकार होते. डेथ मेटल होतं, पोल्का होता. अभंग, लावणी, पोवाडा, भावगीत यांतलं काही नव्हतं. यादीतला शून्य नंबर ब्लूजचा. त्यामुळे कोणी रकाना भरलाच नाही आणि तिथे शून्य राहिलं, की गाणं आपोआप ब्लूज. माझ्या संग्रहात तुकोबा ब्लूज आहेत, शाहीर साबळे ब्लूज आहेत आणि सत्यनारायणाची कथाही ब्लूजच आहे. पोल्काला मात्र मी गिऱ्हाईक मिळवून दिलं. पापडीकडच्या एका लग्नात ब्रास बँड मोबाइलवर टिपला होता. त्यात ट्रंपेट कोळीगीतावरून हिंदी सिनेमात आणि तिथून थेट प्रार्थनागीतात शिरतो. हा प्रकार नक्की कोणता ते वसईकरांनाही सांगता येणार नाही. लिहिलं पोल्का.

मग ‘कलाकार’ या रकान्याची पाळी आली. मराठी गाण्याला तीन मालक असतात आणि रकाना एक. ‘गीतरामायण’ कोणाचं? १ एप्रिल १९५५ला पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं, वर्षभर चाललं, गाणी छप्पन्न. शब्द गदिमांचे, चाली बाबूजींच्या, रेडिओवर गाणारे वेगवेगळे आणि पुढे सगळं गायले बाबूजीच. संगणकाला हे समजावता येत नाही. आईला समजवावं लागत नाही. तिला दोन सूर ऐकवले की ती कवी, संगीतकार, गायक आणि तेव्हा आमच्या घरी कोण पाहुणे होते, एवढं सगळं सांगते. पाहुण्यांसाठी रकाना नाही, म्हणून मी त्यांना ‘शेरा’मध्ये घातलं.

या बाबतीत गौहरजान हुशार. १९०२ साली कोलकात्यात तिचं ध्वनिमुद्रण झालं तेव्हा तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या. तिथल्या कारागिरांना गाणारं कोण ते कळावं म्हणून गाणं संपताना ती स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारायची. मधल्या शंभर वर्षांत प्रगती एवढी झाली, की माझ्या निम्म्या फाइलींत गायकाच्या जागी कुठल्याशा संकेतस्थळाचं नाव आहे.

अकारविल्हे लावायला गेलो तर पंडित सगळे एका गावात आणि उस्ताद दुसऱ्या. भीमसेन जोशी ‘पंडित’, ‘पं.’, ‘भीमसेनजी’ आणि नुसते ‘जोशी’ अशा चार घरांत विभागून राहत होते. मग रागांप्रमाणे, इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावलं. तर मैफल संपवायची भैरवी सुरुवातीलाच आली आणि शिकताना आधी हातात पडणारा यमन पार शेवटी गेला. उलटसुलट वाजवायची कळ दाबली, तर पहाटेच्या गाडीत मालकंस आणि रात्री परतताना ललत.

एकसारख्या फाइली शोधून काढणारं एक सॉफ्टवेअर भाच्याने बसवून दिलं. त्याने भीमसेन, अमीर खाँ आणि किशोरीताई यांचे यमन समोर ठेवून विचारलं, यातले जास्तीचे काढू का? मागून हिचाही आवाज आला, “सगळे यमनच ना? एक ठेवा की.” त्या दिवशी मी जेवलो, पण अबोल्याने.

एव्हाना आमच्या डब्यातल्या भजनी मंडळाला माझा नाद कळला होता. टाळ-ढोलकीपुढे इयरफोनचं काही चालत नाही, म्हणून मी कान मोकळे करून बसलो होतो. हो, बसलो होतो. मंडळातल्या एकाने बोलावून खिडकीची जागा दिली आणि खिशातून पेनड्राइव्ह काढला. “काका, आमच्या मंडळाचं सगळं रेकॉर्डिंग आहे. नावं कोणी टाकलीच नाहीत. तुम्ही ऐकून टाकाल ना?”

गाडी अजून मिरा रोडलाही पोचली नव्हती आणि जागा खिडकीची होती. मी हो म्हणालो.