फिकट जांभळ्याचे दोन प्रकार

भिंतीला द्यायचा फिकट जांभळा रंग दोन प्रकारचा असतो: एक आपल्याला आवडलेला आणि दुसरा घरातल्या बाकीच्यांना आवडलेला. शेडकार्डावर पहिल्याला लव्हेंडर म्हणतात, त्यात निळ्याचा अंश जास्त. दुसऱ्याला लायलॅक, तो गुलाबीकडे झुकतो. ही दोन्ही नावे फुलांची, पण ती फुले सुरतेत कोणाच्या परसात नसल्याने वाद पुराव्याने मिटत नाही.

पहिली अडचण नावाची. सुरतच्या उधना, लिंबायत, डिंडोली भागांतली बरीच मराठी घरे खान्देशातून आलेली. ‘वांगी कलर’ म्हणावे, तर जळगावचे भरताचे वांगे हिरवे असते. ‘कांदा कलर’ म्हणावे, तर दुकानदार गुलाबी पुढे करतो. गुजरातीत ‘आछो जांबली’ म्हटले की तो मान डोलावतो आणि सहा छटा दाखवतो.

साडीच्या बाबतीत या शहराला असा पेच पडत नाही. रिंगरोडच्या बाजारातून घेतलेली साडी घेऊन बायका मॅचिंगच्या दुकानात जातात आणि ब्लाउजपीस दारापाशी उजेडात नेऊन पाहतात. भिंत दारापाशी नेता येत नाही, एवढाच काय तो फरक.

पण उजेडाचे ते तत्त्व भिंतीलाही लागू पडते. पिवळ्या बल्बच्या प्रकाशात निळा अंश कमी असतो. त्यात लव्हेंडर राखाडी दिसतो आणि लायलॅक लाजल्यासारखा गुलाबी होतो. पांढऱ्या ट्यूबखाली दोघेही निळसर होतात. शिवाय चार भिंती एकमेकींवर रंग फेकतात, म्हणून बोटभर तुकड्यावर जो रंग फिका वाटतो तो खोलीभर गडद होतो. इमल्शन वाळल्यावरही बहुधा थोडे गडद होते. रंगाऱ्याचा हात ओला असताना दिलेला निकाल म्हणूनच ग्राह्य धरू नये.

छटा फसवण्याचे दुसरे कारण शेजाराचे. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात विणकामातल्या काळ्या रंगाला पुरेसा जोर नाही, अशा तक्रारी येत. रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल यांनी शोध घेतला तेव्हा दोष काळ्याचा नव्हता, त्याच्या शेजाऱ्यांचा होता. १८३९ साली त्यांनी यावर ग्रंथ लिहिला. दोन छटा शेजारी ठेवल्या की डोळा त्यांच्यातला फरक वाढवून सांगतो. एक उचलली की दुसरी नुसती ‘जांभळट’ उरते. घरातले भांडण याच वाढीव फरकावर चालते.

या भांडणाचे मूळ फार तर १८५६ पर्यंत नेता येईल. त्या वर्षी लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन हिवतापावरचे क्विनाइन करायला बसला आणि हाती आला जांभळा रंग. कृत्रिम रंगांचा धंदा तिथून सुरू झाला; सुरतच्या पांडेसरा आणि सचिन भागांतल्या डाइंग मिल त्याच धंद्यावर चालतात. ताप उतरवायला निघालेल्या माणसाने घरोघरचा ताप वाढवला.

उपाय सोपा आहे. दोन्ही छटांचे हातभर चौकोन, दोन हात देऊन, वेगवेगळ्या भिंतींवर काढावेत आणि सकाळी, दुपारी व दिवे लावल्यावर पाहावेत. ज्या वेळी खोलीत बसणे होते, त्या वेळचा निकाल अंतिम मानावा. पुढे कपाट, पडदे आणि देव्हारा आले की अर्धी भिंत झाकलीच जाते. ठरलेल्या छटेचा नंबर मात्र डब्याच्या झाकणावर लिहून ठेवावा. भिंतीला डाग पडेल तेव्हा कोण जिंकले होते, हे त्या झाकणाखेरीज कोणालाच सांगता येत नाही.