इटली, दोन स्टेशनांवर

इटलीहून नुकत्याच आलेल्या माणसाशी महिनाभर वाद घालू नये, असं माझं मत आहे. आमच्या मेहुणीचा तो महिना केव्हाच सरला, तरी तिचा फ्लॉरेन्स ते पिसा हा तासाभराचा रेल्वेप्रवास काही सरेना. गाडीत म्हणे कुणी कुणाशी बोलत नाही. काचा अशा की पुसायला हात पुढे करावा तर काच आहे हेच कळत नाही. आणि उतरलं की समोर थेट इतिहास!

"असलं शहर आमच्याकडेही आहे," मी म्हणालो. "दोन स्टेशनांवर."

खरं तर विरारजवळच्या बोळिंजच्या माणसाला वसईच्या किल्ल्यात जायला रेल्वेची काही गरज नाही. नंदाखाल, निर्मळ, गास असा केळीच्या वाड्यांमधून सरळ रस्ता आहे. बायकोने तो तसा सांगितलाही. पण युरोपीय वळणाच्या ऐतिहासिक शहरात जायचं आणि निर्मळ नाक्यावरून जायचं, हे माझ्या मनाला पटेना. अशा शहरात माणूस आगगाडीनेच उतरतो. मी गोल हॅट काढली. गळ्याला रुमाल बांधला. शेजारचे निवृत्त मास्तर म्हणाले, "काय लेखक, घसा बसलाय का?" तेही बरोबर निघाले.

आता, चर्चगेट गाडीत विरारला बसून वसईला उतरणं म्हणजे काय, हे ज्याने केलं नाही त्याने धैर्याविषयी बोलू नये. विरारच्या माणसाला सगळ्यात मोठा राग कुणाचा, तर विरार गाडीत चढून मध्येच उतरणाऱ्याचा. बोरिवलीवाल्याला त्या गाडीत काय काय ऐकून घ्यावं लागतं, ते सर्वांना ठाऊक आहे. मी स्वतः ऐकवलेलं आहे. आयुष्यभर ज्या जमातीचा मी दरवाजात उभं राहून उद्धार केला, तिच्यात आज सामील व्हायचं होतं. वर खिडकीची जागा मिळाली. समोरच्याने नेहमीप्रमाणे विचारलं, "कुठे उतरणार?" हा प्रश्न नसतो, हा जागेवर नंबर लावायचा विधी असतो. अंधेरी म्हणावं, दादर म्हणावं, माणूस मान डोलावतो आणि मनात जागा स्वतःच्या नावावर करून टाकतो. मी म्हणालो, "वसई." डब्यात शांतता पसरली. मेहुणी म्हणाली होती तशीच, अगदी युरोपीय. मग मागून कुणीतरी म्हणालं, "मग बसले कशाला?" टाळ पिशवीतून काढत असलेल्या भजनी मंडळातल्या एकाने मात्र करुणेने पाहिलं. नालासोपाऱ्याला जो लोंढा आत आला, त्याच्या उलट दिशेने हॅटसकट दरवाजा गाठणं ही स्वतंत्र विद्या आहे. आधी खांदा, मग पिशवी, मग आवाज. हॅट माझ्याआधी उतरली.

नालासोपारा मास्तरांना खिडकीतून दाखवायचं राहूनच गेलं. तेच ते प्राचीन सोपारा. रोमचा माल जिथे उतरायचा, ते बंदर. पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी 1882 साली तिथला स्तूप उकरला, अशोकाचा शिलालेखही तिथलाच. पण चौथ्या सीटवर अर्धे टेकलेल्या माणसाला अशोकाचं काय सांगणार?

किल्ल्यात शिरलो आणि मी वाटाड्या झालो. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली, हे सगळं मी हात फिरवत सांगितलं. मध्ये दोनशे वर्षं इथे कॅथेड्रल होतं, मठ होते, उमरावांचे वाडे होते. आज कमानी आहेत, आणि कमानीखाली लग्नाआधीचे फोटो. घोळदार झगा घातलेली नवरी वडाच्या पारंबीला टेकली होती. फोटोग्राफर ओरडला, "काका, हॅट! हॅट बाजूला घ्या!" 2016 मध्ये कोल्डप्लेच्या गाण्यात हा किल्ला साऱ्या जगाने पाहिला; त्या फ्रेममध्ये कुणाचे काका आले नव्हते.

गिलाव्यावर खिळ्याने बाण आणि बदाम कोरलेले. जमिनीतल्या पोर्तुगीज थडग्यांच्या अक्षरांवर वेफर्सची पाकिटं. मास्तर वाकून एकेक पाकीट उचलत होते. "घंटा बघायला लोक नाशिकला नारोशंकराच्या देवळात जातात," ते म्हणाले. "1721 ची घंटा, इथूनच गेलेली. जिथली घंटा, तिथे मात्र पाकीट टाकायला येतात."

तेवढ्यात एका पर्यटकाने त्यांना आडनाव विचारलं. ऐकल्यावर प्रसन्नपणे म्हणाला, "अरे वा, म्हणजे हा तुमच्याच लोकांचा किल्ला!"

आमच्या पट्ट्यातल्या सामवेदी ब्राह्मणांची आणि मास्तरांच्या ख्रिस्ती कुपारी समाजाची घरातली बोली एकच आहे. मास्तरांचे पूर्वज पोर्तुगीज जहाजातून उतरले नव्हते. जहाज आलं तेव्हा ते इथे वाडीला पाणी लावत होते. जन्मभर त्यांनी मराठी शाळेत मराठी शिकवलं. तरी आडनाव सांगितलं की समोरचा त्यांना नेऊन लिस्बनला सोडतो. मला काहीतरी चांगलंच सुनवायचं होतं. मास्तर म्हणाले, "हो ना. पण भाडं अजून कुणी दिलेलं नाही." तो माणूस हसला. मास्तर हसले नाहीत.

वातावरण सैल व्हावं म्हणून मी माझा हुकमाचा पत्ता काढला. जेमेल्ली कारेरी. इटलीचाच, नेपल्सचा वकील. 1693 मध्ये पदरचे पैसे मोडून, मिळेल त्या जहाजाने जगाची फेरी करायला निघाला आणि 1695 मध्ये वसईत आला. म्हणजे बघा, इटलीचा माणूस वसई बघायला! आणि इथल्या पाद्रीबाबांनी त्याला स्थळ सुचवलं. घसघशीत हुंडा, वर वकिलीची कामं, कारण शहरात धड वकील नव्हता. त्याने साफ नकार दिला. इथल्या उकाड्यात राहायची त्याची तयारी नव्हती.

"ठाऊक आहे," मास्तर म्हणाले. "पोरांना मी सांगायचो ते."

माझा चेहरा उतरला असावा, कारण त्यांनी लगेच माझ्या हॅटवरची धूळ झटकली. "शहाणा होता पण," ते म्हणाले. "हो म्हणाला असता, तर त्याची नातवंडं आज सात-बाराच्या उताऱ्यासाठी भांडली असती, आणि वसईला बसून विरार गाडीत शिव्या खाल्ल्या असत्या. चला, निर्मळवरून जाऊ."