शंभर आणि वर थोडी

घरात मधुमेह आला की सकाळचा पहिला प्रश्न बदलतो. "चहा टाकू का?" मागे पडतं आणि स्वयंपाकघरातून आवाज येतो, "अहो, किती आली?" काय आली, हे सांगावं लागत नाही. उत्तराचा सूर मात्र आकडा पाहून ठरतो. १०८ आली असेल तर ती अख्खी, खणखणीत सांगितली जाते. १६८ असेल तर, "शंभर आणि वर थोडी." आणि २२० असेल तर, "हे मशीनच हल्ली बिघडलंय."

मशीनवर संशय घ्यायला थोडी जागा आहेही. घरगुती ग्लुकोमीटरचं आंतरराष्ट्रीय मानक शंभरच्या वरच्या आकड्यांत पंधरा टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेतं. म्हणजे प्रयोगशाळेतली १२० घरी १०५ दिसू शकते, तशीच १३५ही. तरीही काल ११४ होती नि आज १२१ झाली म्हणून दिवसभर तोंड पाडून बसणारे लोक आहेत. शिवाय आंबा चिरल्यावर हात न धुता बोट टोचलं, तर मशीन रक्ताबरोबर हापूसही मोजतं.

सगळ्यात जास्त राग येतो तो उपाशीपोटीच्या साखरेचा. रात्री निमूटपणे भाकरी आणि मेथीची भाजी खाऊन झोपावं, तर सकाळी आकडा झोपतानापेक्षा वर! पहाटे शरीर उठायच्या तयारीला लागतं, कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं वाढतात आणि यकृत साठवणीतली साखर रक्तात सोडतं. धडधाकट माणसाचं इन्सुलिन हे निस्तरतं. मधुमेह्याचं कमी पडतं. यजमान झोपेत असताना यकृताने परस्पर पंगत वाढलेली असते, आणि जाब मात्र यजमानाला द्यावा लागतो.

मागच्या पिढ्यांना एवढा हिशेब नव्हता. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात लघवीचे थेंब टाकून परीक्षानळी तापवायची. रंग निळाच राहिला तर बरं. हिरवा, पिवळा, नारिंगी करत विटकरी झाला की घरात बोंब. १९७०च्या सुमारास अमेरिकेत रक्तातली साखर मोजणारा मीटर आला, तो दवाखान्यांसाठी. रिचर्ड बर्नस्टाइन नावाच्या मधुमेही इंजिनिअरने तो आपल्या डॉक्टर पत्नीच्या नावावर मिळवला आणि दिवसातून अनेकदा बोट टोचून आकडे टिपू लागला. कशाने साखर चढते, कशाने उतरते, हे तो यंत्राची तक्रार शोधावी तसं शोधत गेला. डॉक्टरमंडळी इंजिनिअरचं ऐकेनात, तेव्हा चाळिशी उलटल्यावर वैद्यकीय शिक्षण घेऊन स्वतःच डॉक्टर झाला. आकडा वाईट आला म्हणून त्याने तो खोडला असता, तर त्याच्या हाती काहीच लागलं नसतं.

आपल्याकडे आकड्याला परीक्षेतल्या गुणांचा मान आहे. त्यामुळे काही वह्या दवाखान्यात जायच्या आदल्या रात्री, एका बैठकीत, एकाच पेनाने लिहिल्या जातात. ११०, १०८, ११२. शाळेत कधी न दिसलेलं सातत्य! मग 'तीन महिन्यांची' तपासणी येते. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्यांच्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मागच्या दोन-तीन महिन्यांची साक्ष देते. आठवडाभर कारलं खाऊन ही साक्ष फिरवता येत नाही. वहीत सगळीकडे ११० आणि अहवालात ९ टक्के, म्हणजे सरासरी दोनशेच्याही वर. डॉक्टर काही बोलत नाहीत, फक्त चष्म्यावरून बघतात.

खरी कामाची वही असते ती शेऱ्याच्या रकान्याची. '१९४ – भाचीचं केळवण.' '१७६ – एकादशी, साबुदाण्याची खिचडी.' '१३१ – जेवणानंतर अर्धा तास चाललो.' '६६ – गोळी घेतली, जेवायला उशीर. घाम, हात थरथरले.' यातला शेवटचा आकडा सगळ्यात लहान, पण काळजी सगळ्यात मोठी, कारण सत्तरच्या खाली गेलेली साखर ताबडतोब काहीतरी गोड मागते. नुसत्या आकड्यांच्या वहीत तो कौतुकाचाही ठरला असता.

अशी वही पाहून डॉक्टर रागावत नाहीत. गोळीची आणि जेवणाची वेळ जुळवून देतात, खिचडीची वाटी लहान करतात, चालणं तसंच ठेवायला सांगतात. केळवणाच्या ओळीवर मात्र पेन जरा थांबतं आणि ते विचारतात, "बेत काय काय होता?"